वायरमन

मुलीचा फोन आला तेव्हा श्रीवर्धनात पहाट होती,
तिकडे फ्लोरिडात अजून कालची संध्याकाळ.
"बाबा, परवा येतंय वादळ. बाईचं नाव ठेवलंय."
आमच्यावर आलं त्याचं नाव निसर्ग.
नाव ऐकून घाबरलंच नाही कोणी.

तिने नकाशा पाठवला.
समुद्रात पांढरा भोवरा, त्याच्यापुढे
रंगीत सुतळ्यांचा गुंता.
चष्मा कपाळावर ढकलून तिचं गाव शोधलं.
तीन सुतळ्या वरून जात होत्या.

दुकानांतलं पाणी संपलं, प्लायवूड संपलं.
सहा पदरी रस्ता, सहाही पदर उत्तरेकडे.
शेजारी गेले, कुत्र्यालाही पट्टा लावून.
मयुरी राहिली. म्हाताऱ्यांच्या घरात तिची नर्सची ड्युटी,
चौथ्या मजल्यावर बावीस जण,
त्यातले सात मशीनच्या हवेवर.

तेहतीस वर्षं खांबावर काढलेला माणूस
जनरेटर आहे का, एवढं विचारून थांबत नाही.
कुठे बसवलाय, विचारलं.
"बघून सांगते," म्हणाली.
खाली होता. पार्किंगच्या पातळीला.
मग बराच वेळ आम्ही जेवणाबद्दल बोललो.

आणखी एक सांगितलं तिने, ते मात्र रुतलं:
वादळ अजून समुद्रात, आणि मैदानात
चारशे गाड्या येऊन उभ्या,
परराज्यांतले वायरमन आत पाय पसरून झोपलेले,
प्रत्येक गाडीला वर जाणारी बादली.
चौसष्टाव्या वर्षी मला एका मैदानाचा हेवा वाटला.

आम्ही खांब खांद्यावर नेले.
सुपाऱ्या तारांवर आडव्या, तारा विहिरीत,
आणि शिडी एकच, तीही मागून आणलेली.
सांगली-साताऱ्याची पोरं मदतीला आली,
शाळेत झोपली, बाकं जोडून.
खोतांच्या इंदुवहिनी रोज पन्नास भाकऱ्या थापायच्या,
स्वतःच्या घरावर कौल नसताना.
आमच्या आळीत दिवा लागला चाळिसाव्या दिवशी.
ओरडलं नाही कोणी.
भिंती किती काळ्या झाल्यात, तेवढं पाहिलं सगळ्यांनी.

मग दोन दिवस फोन नाही.
मी ओटीवर. बायको टीव्हीसमोर, आवाज बंद करून.
एक होडी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरली होती.
"ओटा केवढा मोठा आहे," ती म्हणाली.

तिसऱ्या रात्री आवाज आला, घोगरा.
पाणी शिरलं, जनरेटर गेला, लिफ्ट गेली.
खिडक्या उघडतच नाहीत तिथल्या,
एसी बंद म्हणजे झाकण लावलेलं पातेलं.
बावीस जण चार मजले उतरवले
चादरींच्या झोळ्या करून,
आचारी, माळी, झाडूवाला आणि माझी मुलगी.
आमच्या वरच्या वाडीची बाळंतीण अशीच उतरते अजून,
पण ते सांगायची ही वेळ नव्हती.
एक आजोबा दुसऱ्या जिन्यावर गेले.
"डोकं माझ्या हातात होतं, बाबा.
मला वाटलं, झोप लागली."

आता सगळे एका शाळेत आहेत.
विम्याचा माणूस ड्रोन घेऊन फिरतोय,
पाणी वरून आलं की खालून, यावर पैसे ठरणार.
आमचा तलाठी फळतं झाड वेगळं लिहायचा,
न फळतं वेगळं. आठवण झाली त्याची.

सहाव्या दिवशी शाळेत वीज आली.
बादलीतून एक पोरगा उतरला,
कुठल्याशा बर्फाच्या राज्यातून दोन दिवस गाडी हाकत आलेला,
नाकाची साल निघालेली उन्हाने.
म्हातारे टाळ्या वाजवत होते म्हणे,
आणि तो हातमोजे काढायचं विसरून तसाच उभा.

ती पुढे काहीतरी सांगत होती.
मी मध्येच विचारलं,
त्याला जेवायला काय घातलंत?